नॅनो युरियाची बाटली का ओलाव्याचा सेन्सर, आधी काय घ्यावं?

गावातले तीन-चार जण हेच विचारायलेत म्हणून लिहितो. मी जालन्याकडचा, काळ्या रानात ड्रीपवर मोसंबी, खालच्या वावरात कपाशी अन् सोयाबीन. दोन्ही वापरून बघितलंय.

बाटलीचं बघा, नॅनो युरिया म्हणजे पानावर फवारायचा पातळ युरिया. ती बाटली आपण घेत नाही, दुकानदार युरियाच्या बॅगेसोबत गळ्यात मारतो. एक बाटली म्हणजे एक बॅग म्हणतात, मग हिशोबच करू ना. 45 किलोच्या बॅगेत 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे 20 किलोच्या वर. 2021 ला बाटली आली तेव्हा अर्ध्या लिटरमधे 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. आता 20 टक्केवाली आली तरी 100 ग्रॅमच! कण लई बारीक, पानाच्या बारीक छिद्रातून आत जातो, वाया जात नाही, सगळं मान्य, पण 20 किलोचं काम 100 ग्रॅम कसं करणार? लुधियानाच्या कृषी विद्यापीठानं युरिया निम्मा करून नॅनो फवारून बघितला तर गहू अन् भात दोन्हीचा उतारा घटला. आपली जुनी 2 टक्के युरियाची फवारणी घ्या, 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम, त्यातच 138 ग्रॅम नत्र येतं अन् खर्च दोन रुपयाच्या आत. कपाशीत पाणी साचून मुळं बसली की मी तेच मारतो. सोयाबीन तर मुळावरच्या गाठीतून स्वतःचं नत्र स्वतः करतं, त्याला बाटली कशाला?

युरिया कमी टाकला तर त्यापासून मातीत होणारं नायट्रेट विहिरीत कमी उतरेल हे खरंय. पण त्याला खाली नेतं कोण, तर आपण सोडलेलं जास्तीचं पाणी. म्हणून माझं मत सेन्सरकडं. त्याचा प्रोब, म्हणजे दांडी, मातीत बसवायचा, ओल किती ते मोबाईलवर दिसतं.

फक्त काळ्या मातीत तो फसवतो. गेल्या मे मधे मोबाईलवर सारखं कोरडं-कोरडं, मी रोज दोन तास ड्रीप चालवलं तरी कोरडंच, शेवटी उकरलं तर प्रोब भेगेत उघडा लोंबकळत होता अन् चार बोटांवरच्या मातीचा मुठीत लाडू वळत होता. आपली माती सुकली की तडकते, प्रोबला चिकटून राहत नाही. आता तिथल्याच मातीचा चिखल करून भोकात ओततो, मग प्रोब बसवतो, एक फुटावर एक अन् दोन फुटावर एक, ड्रीपरजवळ. (वायर पाईपातून घ्या, उंदीर सोडत नाहीत.) खरा फायदा आंबे बहाराच्या ताणाला (मोसंबीला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं यावीत म्हणून आधी पाणी तोडतात तो) झाला, वरून माती भुरभुरीत दिसायची, दोन फुटावर ओल तशीच. पूर्वी अंदाजानं पाणी तोडायचो अन् ताण बसायचाच नाही.

कोरडवाहू असाल तर सेन्सर घेऊ नका, तो तहान दाखवेल पण पाणी कुठून देणार. अन् बागायत असून मोबाईलवाला परवडत नसेल तर कोइंबतूरच्या ऊस प्रजनन संस्थेनं काढलेलं लाइटचं यंत्र बघा, जमिनीत खुपसायचं, निळा लागला तर ओल जास्त, हिरवा म्हणजे पुरेशी, लाल लागला की मोटार चालू करा.