१२० किलोमीटरची गाडी दिवे घाटात बसली

मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी घेणार असाल तर माझं आधी ऐका.

माझं काम पुण्याच्या मार्केट यार्डातून भुसार माल सासवडच्या दुकानांना पोचवायचं, वाटेत दिवे घाट. एका बाजूचे तीसेक किलोमीटर, दिवसाला दोन खेपा. शोरूममधला पोरगा म्हणाला, "काका, फुल लोडला एका चार्जवर १२० किलोमीटर डोळे झाकून." चक्कर मारायला नेलं ते रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर, वीज वाचवणाऱ्या इको मोडवर. परत आलो तेव्हा स्क्रीनवर ११६ किलोमीटर शिल्लक. मी भुललो. तो आकडा आधीच्या चालीवरून काढलेला अंदाज असतो. गाडी दिवसभर रिकामी फिरवली की तो फुगणारच!

पहिल्याच दिवशी ५० किलोचे दहा कट्टे साखर भरली. सासवडला पोचेतो बॅटरी ५२ टक्के. उतारावर ब्रेक मारताना थोडी वीज परत मिळते म्हणतात, पण रिकाम्या गाडीची ती मिळून मिळणार किती? यार्डात परतलो तेव्हा ३५ उरले होते. तरी दुसरी खेप भरली, ही माझी चूक. घाटाच्या पायथ्याला १२ टक्के. अर्ध्या चढावर स्क्रीनवर कासवाचं चित्र आलं, वेग सायकलइतका झाला, मग गाडी बसलीच. माउलींच्या रथाला इथे जादा बैलजोड्या लावतात. मला टोचन लावायला टेम्पो मिळायला रात्रीचे नऊ वाजले.

नंतर भाच्याने हिशोब करून दाखवला. गाडी, माल आणि मी मिळून टनभर वजन. ते शंभर मीटर उंच न्यायलाच पाव युनिटच्या वर वीज लागते, मोटरमधली घट वेगळी. माझी सगळी बॅटरी आठ युनिटची.

शोरूमला गेलो तर त्यांनी कोटेशन पुढे केलं. १२० च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'आदर्श परिस्थितीत'. चाचणीच्या प्रमाणपत्रातला आकडा रोलरवर जागच्या जागी गाडी पळवून काढलेला असतो, तिथे कुठला आलाय दिवे घाट! फुल लोडची गोष्ट तोंडी होती, त्यामुळे माझ्या हातात काहीच नाही.

बुकिंगचे पैसे देण्याआधी आपला माल, आपलाच रस्ता, असं चालवून बघा. किलोमीटरचा आकडा सोडा, टक्के किती उतरले ते लिहून ठेवा. आणि फुल लोडचं जे सांगतील ते सही-शिक्क्यानिशी घ्या.

माझी आता एकच खेप होते. हप्ता मात्र दोन खेपा धरून बांधलाय, अजून ३१ बाकी आहेत.