मालवण बाजारातलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान

गणपतीच्या तोंडावर आमचा एलसीडी रुसला. लाल दिवा लुकलुकतोय, आतून टकटक, चित्र नाहीच. कंपनीच्या माणसाने बघितलं न बघितलंसं केलं, 'बोर्ड बदला, साडेपाच हजार.'

मग या टिचभर दुकानात नेला. काकांनी झाकण काढून मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आधी डिस्चार्ज केला, म्हणजे त्यातली साठलेली वीज काढली, मग बोट दाखवलं: पॉवर सप्लायवरच्या दोन कपॅसिटरांची डोकी वड्यासारखी टम्म फुगलेली! क्षमता तीच, १००० मायक्रोफॅरड, ठेवून १० ऐवजी २५ व्होल्टचे, १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे बसवले. जरा जाडे, म्हणून तिरके. 'व्होल्ट जास्त चलतत, कमी नको हां.'

तीनशे रुपये. खाऱ्या हवेने गंजलेल्या पिनाही घासून दिल्या. दुपारी मात्र जाऊ नका, काका झोपतात. पावती कॅलेंडरच्या पाठीवर मिळते.