पोस्टग्रेस सुरू-बंद करायला स्वतःची स्क्रिप्ट की सिस्टमडी?

लिनक्सवर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर चालवायचा तर 'पीजी_सीटीएल' या त्याच्या सुरू-बंद करणाऱ्या कमांडवर बेतलेली स्वतःची शेल स्क्रिप्ट ठेवायची की सिस्टमडीचं (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं) युनिट, म्हणजे सेवेची सेटिंग फाइल? सर्व्हर सुरू दोन्हींनी होतो. पारख होते ती बंद करताना.

बंद करायचे मोड तीन. 'स्मार्ट' सगळे क्लायंट आपणहून जाईपर्यंत थांबतो. समोर कनेक्शन पूल (कनेक्शन कायम उघडी ठेवणारी सोय) असेल तर थांबतच राहतो. 'फास्ट' चालू ट्रान्झॅक्शन रोलबॅक करून (अर्धवट बदल मागे घेऊन) कनेक्शन तोडतो आणि शेवटचा चेकपॉइंट लिहितो, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवतो. 'इमिजिएट' चेकपॉइंट न लिहिताच थांबतो, त्यामुळे पुढच्या वेळी आधी रिकव्हरी, म्हणजे लॉगमधून डेटा सावरण्याचं काम, चालते. रोजच्या कामाला फास्टच हवा. आवृत्ती 9.5 पासून पीजी_सीटीएलचा डिफॉल्ट तोच आहे, तरी स्क्रिप्टमध्ये मोड स्पष्ट लिहावा.

स्क्रिप्टचा घात होतो तो वेळेच्या मर्यादेत. पीजी_सीटीएल 60 सेकंद वाट पाहून अपयशाचा कोड देतं. सर्व्हर मात्र अजून चेकपॉइंट लिहीतच असतो. अशा वेळी 'किल -9' (प्रोसेस तत्काळ मारणारी कमांड) मारणारी आणि 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' (सर्व्हर चालू असल्याची खूण ठेवणारी फाइल) पुसून टाकणारी स्क्रिप्ट कृपा करून वापरू नका. जुनी चाइल्ड प्रोसेस जिवंत असताना त्याच डेटा डिरेक्टरीवर दुसरा सर्व्हर उभा राहिला, तर डेटा कायमचा बिघडू शकतो. मर्यादा 600 सेकंदांपर्यंत वाढवा, आणि बंद करण्याआधी हाताने एक चेकपॉइंट चालवा म्हणजे शेवटचा लवकर उरकतो. सर्व्हर सुरू झाला का, हे 'पीजी_इझरेडी'ला विचारा: 0 म्हणजे तयार, 1 म्हणजे उठतोय पण कनेक्शन घेत नाही, 2 म्हणजे उत्तरच नाही.

सिस्टमडीतही ही मर्यादा आहेच: सहसा 90 सेकंद, मग थेट सिगकिल, म्हणजे तोच 'किल -9'. म्हणून युनिटमध्ये 'टाइमआउटसेक' इन्फिनिटी किंवा निदान तासभर ठेवा. 'किलसिग्नल' (बंद करताना पाठवायचा सिग्नल) सिगइंट ठेवा, म्हणजे फास्ट. डिफॉल्टचा सिगटर्म पोस्टग्रेसला स्मार्ट वाटतो. 'किलमोड' मिक्स्ड, म्हणजे सिग्नल फक्त मुख्य प्रोसेसला जातो. 'टाइप' नोटिफाय असेल तर सर्व्हर खरोखर तयार झाल्यावरच त्यावर अवलंबून असलेल्या सेवा सुरू होतात. त्यासाठी पोस्टग्रेस सिस्टमडीच्या सपोर्टसह बिल्ड केलेलं लागतं. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर 'रिक्वायर्समाउंट्सफॉर'मध्ये तो मार्ग द्या, नाहीतर डिस्क माउंट होण्याआधीच सर्व्हर रिकाम्या डिरेक्टरीवर जाऊन आपटतो. पॅकेजच्या मूळ युनिट फाइलला हात लावू नका, अपडेटमध्ये बदल पुसले जातात. 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरा.

कायमच्या सर्व्हरसाठी आमचं मत सिस्टमडीलाच. रूट अधिकार नसतील किंवा चाचणीपुरते तीन-चार इन्स्टन्स हवे असतील, तर स्क्रिप्ट बरी. दोन्ही एकत्र मात्र नकोत: हाताने पीजी_सीटीएलने सुरू केलेला सर्व्हर सिस्टमडीला दिसत नाही, आणि मशीन बंद होताना युनिटमधल्या सेटिंग त्याला लागू होत नाहीत. पेसमेकर (एका मशीनवरची, म्हणजे नोडवरची, सेवा पडली तर दुसऱ्यावर उभी करणारं क्लस्टर सॉफ्टवेअर) असेल तर युनिटचं ऑटोस्टार्ट बंदच ठेवा. सामायिक डिस्कवर दोन नोडांनी एकच डेटा उघडणं सर्वांत वाईट.

काहीही निवडा, लोड चालू असताना मशीन एकदा रीबूट करून लॉग वाचा. 'डेटाबेस सिस्टम वॉज शट डाउन' दिसलं तर ठीक. 'नॉट प्रॉपर्ली शट डाउन' दिसलं तर बंद करताना कोणीतरी सर्व्हरला मध्येच मारलंय; आधी टाइमआउट तपासा.