विंडलास: हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक? ट्रायल घेणाऱ्याच्या नजरेतून

नव्या जहाजाचा विंडलास, म्हणजे नांगराची साखळी ओढणारं यंत्र, ठरवताना चर्चा ताकद आणि किंमत एवढ्यावरच आटोपते. कमिशनिंगला, म्हणजे बसवल्यावर तपासून चालू करताना, कोणता किती छळतो, हे कोणी विचारत नाही. मी दोन्हींच्या ट्रायल घेतल्या आहेत आणि अलीकडे मत विचारलं, तेव्हा इलेक्ट्रिकच्या, म्हणजे व्हीएफडीवाल्याच्या (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह), पारड्यात टाकलं.

ब्रेकच्या बाबतीत डावं-उजवं काही नाही. चेन स्टॉपर (साखळी अडवून धरणारा अडसर) असेल तर ब्रेकने साखळीच्या ब्रेकिंग लोडच्या, म्हणजे ती तुटेल त्या भाराच्या, 45 टक्के पेलायचे, नसेल तर 80. मोटर कुठलीही असो. फरक कळतो नांगर वर घेताना. ट्रायलमध्ये तो 82.5 मीटरवरून 27.5 मीटरवर यायला हवा, सरासरी मिनिटाला निदान 9 मीटर. इथे हायड्रॉलिकला मानलंच पाहिजे. नांगर तळाशी घट्ट रुतला तर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, मोटर थबकते, ओढ कमी झाली की निमूट पुन्हा फिरू लागते. व्हीएफडीची टॉर्क मर्यादा नीट बसवली नसेल, तर तो नेमका अशा वेळी ट्रिप होतो. पण ते सेटिंग एकदा जमलं की जमलं.

हायड्रॉलिकवरून माझं मन उडालं ते फ्लशिंगमुळे, म्हणजे पाइपांतली घाण तेलाने धुऊन काढण्यामुळे. पंप कुठेतरी खाली, मोटर फोकसलवर (जहाजाच्या पुढच्या टोकाचा डेक), मधे लांबलचक पाइप. गरम तेल जोरात फिरवत ठेवायचं, वेल्डपाशी हातोडीने ठोकत जायचं, फिल्टर उघडून बघायचा. जाळीवर चमकणारा कण दिसला की पुन्हा पहिल्यापासून. तेलाचा नमुना एकदाचा पास होतो, आणि मग कोणीतरी गळका सील बदलायला फ्लँज उघडतो! एखादा कण कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (तेलाची वाट बदलणारा सरकता दांडा) अडकला तर लिव्हर मध्यावर असूनही जिप्सी (साखळी ओढणारं चाक) इंच-इंच सरकत राहते. क्लासचा, म्हणजे जहाज प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा, सर्व्हेयर शेजारी उभा असताना हे पाहण्यासारखी शिक्षा नाही.

इलेक्ट्रिकच्या तक्रारी नाहीत असं नाही. मोटरचा हीटर बंद राहिला तर ओल धरते, इन्सुलेशनचं रीडिंग घसरतं. पण मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर) लावला की दोष लगेच समोर येतो, आणि हीटर चालू ठेवून बहुधा निभावतं.

टँकर असेल तर मात्र माझं ऐकू नका. ज्वालाग्राही वायूच्या भागात हायड्रॉलिकच सुटसुटीत पडतो. फक्त पंप युनिट फोकसलखालीच मागा आणि फ्लशिंगसाठी बायपास जोडण्या ड्रॉइंगमध्येच दाखवून घ्या. पाइप बसल्यावर त्या कोणी करून देत नाही.