तापीकाठची कादंबरी: एका ‘नी’मधलं प्रेम

गुरूचा खून होतो आणि चेला, म्हणजे तिची तृतीयपंथी शिष्या, सूड घ्यायला निघते, एवढंच कथानक. पण या कादंबरीचा जीव बोलीत आहे. अहिराणीत क्रियापदालाच लिंग लागतं. घरचे तिला ‘काय करी ऱ्हायना?’ (काय करतोयस?) विचारतात, प्रियकर मात्र ‘करी ऱ्हायनी’ (करतेयस) म्हणतो. एका ‘नी’मध्ये अख्खं प्रेम! मयतीनंतर ताटात गार पडलेली कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि तिच्याकडे न बघणारी माणसं, हे पानही जमलंय.

सूड मात्र फसलाय. तृतीयपंथीयांवरच्या लैंगिक अत्याचाराला 2019च्या कायद्याने 6 महिने ते 2 वर्षं एवढीच शिक्षा ठेवली. रागाचं मूळ तिथंच, आणि तेच शेवटच्या प्रकरणात घाईने कोंबलंय. जळगावच्या ठाण्यातला हवालदार तर चक्क पुणेरी बोलतो.