किकॅड ९ : बोर्ड चोख, सिम्युलेशनची शिवण अजून उसवते

फुकट मिळतं म्हणून किकॅड हे सर्किट बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर चालवून घ्यायचे दिवस गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ९व्या आवृत्तीत बोर्ड काढण्याबाबत तक्रारीला फारशी जागा उरलेली नाही. स्किमॅटिकमधले (सर्किटच्या आकृतीतले) बदल एफ८ दाबलं की बोर्डात येतात, ट्रॅक आखणारा राउटर आडवे येणारे ट्रॅक बाजूला सारत पुढे जातो. नवी जॉबसेटची सोय तर रोजच्या कामाची आहे. गर्बर (बोर्डाच्या थरांच्या फाइल), ड्रिल (होलच्या फाइल), पार्ट्सची यादी, स्टेप (थ्रीडी) फाइल एकदा नेमून दिलं की पुढे एका क्लिकवर सगळं तयार. गर्बर आणि ड्रिल फाइल वेगवेगळ्या निघतात. त्यामुळे नुसते गर्बर पाठवले की बोर्डवाल्याचा ‘होल कुठायत?’ असा फोन ठरलेला; जॉबसेटमुळे तो टळेल.

खरी परीक्षा सिम्युलेशनची, म्हणजे बोर्ड बनवण्याआधी सर्किट संगणकावर चालवून पाहण्याची आहे. २०१८ च्या ५व्या आवृत्तीपासून एनजीस्पाइस हे सिम्युलेशनचं इंजिन किकॅडच्या आतच बसवलेलं आहे. ज्या स्किमॅटिकवरून बोर्ड काढायचा तेच सिम्युलेट व्हावं, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा सर्किट काढायला लागू नये, हा त्यामागचा हेतू. आर-सी फिल्टर किंवा एका ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर असेल तर तो पुरा होतो. ‘सिम्युलेशन_स्पाइस’ लायब्ररीतला सोर्स लावा, सिम्युलेटर उघडा, ट्रान्झियंट (वेळेनुसार सिग्नल दाखवणारं अॅनालिसिस) निवडा. १ किलोहर्ट्‌झच्या साइनला १० मायक्रोसेकंदाची स्टेप आणि ५ मिलिसेकंदाचा शेवट पुरतो. प्रोबने वायरवर क्लिक केलं की वेव्हफॉर्म समोर. महत्त्वाच्या वायरींना आधी लेबल द्या, नाहीतर ग्राफच्या यादीत लांबलचक, न ओळखू येणारी नावं दिसतात. ट्यूनचा स्लायडर मस्त आहे: रेझिस्टरची किंमत सरकवत आउटपुट पाहा, पटली की तीच स्किमॅटिकमध्ये सेव्ह करा.

आयसी आला की गणित बिघडतं. दोन ऑप-अॅम्प (सिग्नल वाढवणारी सर्किटं) असलेल्या एलएम३५८ चंच बघा. उत्पादकाच्या मॉडेलमध्ये (आयसी कसा वागतो ते सिम्युलेटरला सांगणाऱ्या फाइलमध्ये) बहुधा एकच ऑप-अॅम्प असतो. त्याच्या नोडचा (जोडबिंदूंचा) नेहमीचा क्रम असा: प्लस इनपुट, मायनस इनपुट, प्लस सप्लाय, मायनस सप्लाय, आउटपुट. किकॅडच्या सिम्बॉलमध्ये मात्र ८ पिना आणि दोन ऑप-अॅम्प. मॉडेल एकाच ऑप-अॅम्पचं जोडलं तर दुसऱ्या भागाला काहीच मिळत नाही. यावर उपाय म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये ८ नोडचं एक वेष्टण-सबसर्किट लिहायचं आणि त्यात मूळ मॉडेल दोनदा बोलवायचं: एकदा ३, २, ८, ४, १ या क्रमाने, दुसऱ्यांदा ५, ६, ८, ४, ७. मग सिम्बॉलच्या प्रॉपर्टीजमधून ‘सिम्युलेशन मॉडेल’ उघडा, ही फाइल जोडा आणि पिनांच्या टॅबमध्ये १ ला १, २ ला २ असं सरळ लावून टाका. हे काम सॉफ्टवेअरनेच करायला हवं होतं. नवशिक्या इथेच कंटाळून दुसरीकडे वळतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

याच आयसीत आणखी एक खोच आहे. सप्लायच्या ४ आणि ८ या पिना सिम्बॉलच्या वेगळ्या तिसऱ्या युनिटमध्ये असतात. ते शीटवर ठेवायचं राहिलं तर ऑप-अॅम्पला वीजच मिळत नाही. सिम्युलेशनआधी ईआरसी (किकॅडची जोडण्यांची तपासणी) चालवा, ते हे सांगतं. पिना उलटसुलट लागल्या असतील तर आउटपुट एका रेलला (सप्लायच्या व्होल्टेजला) चिकटून बसतं किंवा ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ येतं. हीच एरर ग्राउंड नसल्यावरही येते: नोड ० किंवा जीएनडी असायलाच हवा, नुसतं जीएनडीए (अॅनालॉग ग्राउंड) चालत नाही. शीटवर हाताने लिहिलेल्या स्पाइस ओळीत एम म्हणजे मिलि, मोठा लिहा की लहान. मेगा हवं असेल तर मेग लिहा. कनेक्टर आणि माउंटिंग होलना ‘सिम्युलेशनमधून वगळा’ची खूण करा.

डायोडचं दुखणं मात्र गेलं. सिम्बॉलची १ नंबरची पिन कॅथोड, तर स्पाइसला आधी अॅनोड हवा. जुन्या आवृत्त्यांत हा क्रम हाताने उलटवावा लागे. आता लायब्ररीतच तो बरोबर लावलेला येतो. बाहेरून आणलेली मॉडेल्स चालत नसतील तर सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये पीस्पाइस-एलटीस्पाइस या दुसऱ्या सिम्युलेटरांशी कंपॅटिबिलिटी आहे का ते पाहा. एन्क्रिप्ट केलेलं मॉडेल कोणत्याही सेटिंगने चालणार नाही. त्या नादी लागू नका.

कॉलेजातल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं ई-सिम आहे. तेही किकॅड आणि एनजीस्पाइसच जोडतं, पण वेगळ्या वाटेने: स्किमॅटिकमधून नेटलिस्ट (जोडण्यांची यादी) काढायची, कन्व्हर्टरच्या खिडकीत अॅनालिसिस, सोर्स आणि मॉडेल भरायचं, मग सिम्युलेशन. टप्पे जास्त, पण कुठे काय भरायचं ते समोर दिसतं. व्हीएचडीएल या हार्डवेअरच्या भाषेत लिहिलेला डिजिटल ब्लॉक अॅनालॉगशी जोडायचा असेल तर तिथे सोय आहे. प्रॅक्टिकलला ते बरं. बोर्ड बनवून घ्यायचा असेल तर थेट किकॅडच वापरा, एका बदलासाठी सगळे टप्पे पुन्हा करणं परवडत नाही.

अपग्रेड करताना एवढं पाहा: ९ मध्ये सेव्ह केलेली फाइल ८ मध्ये उघडत नाही. प्रोजेक्ट चालू असेल तर टीममधल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बदला, आणि त्याआधी फोल्डरची एक कॉपी बाजूला काढून ठेवा.