दुहेरी फिल्टरचा अर्धा मास्क: धुळीसाठी चांगला, मापात तोकडा

ग्राइंडिंग, कटिंग आणि वेल्डिंग एकाच छताखाली चालणाऱ्या आमच्या विभागात, एकदा वापरून फेकण्याच्या मास्कऐवजी सिलिकॉनचा, नाक व तोंड झाकणारा आणि दोन्ही बाजूंना बदलता येणारे फिल्टर असलेला अर्धा मास्क आम्ही सुरू केला. रोजच्या वापरानंतर धूळ आणि वेल्डिंगचा धूर यांच्यासाठी तो घेण्याजोगा आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र खोक्यावर छापलेला ‘एकच माप सर्वांसाठी’ हा दावा मला साफ अमान्य आहे.

अशा मास्कची सारी भिस्त त्याच्या कडेवर असते. श्वास घेताना आतला दाब कमी होतो आणि कडेला जराशी फट असली तरी हवा फिल्टर टाळून तिथूनच आत शिरते. युरोपीय मानकातला पी३ फिल्टर चाचणीत किमान 99.95 टक्के कण अडवतो, तरीही अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेने अर्ध्या मास्कला दिलेला संरक्षण गुणांक अवघा 10 आहे, म्हणजे नीट बसवलेल्या मास्कच्या आतही बाहेरच्या एक दशांश इतकी धूळ पोहोचू शकते असे धरून चालायचे, आणि त्याचे मुख्य कारण कडेची गळती हेच आहे. आमच्याकडे रुंद चेहऱ्यांवर हा मास्क चपखल बसला; अरुंद चेहऱ्यांवर नाकाच्या दांड्यापाशी फट राहिली आणि पट्टे आवळल्यावर ती बुजण्याऐवजी कडच दुमडली. त्या सहकाऱ्यांसाठी शेवटी दुसऱ्या उत्पादकाचे लहान माप मागवावे लागले.

दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाकून हलका श्वास घेतल्यास मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे, आणि उच्छ्वासाची झडप झाकून हळूच फुंकल्यास कडेने हवा निसटता कामा नये. ही तपासणी मास्क चढवताना दर वेळी करायची असते, पण सूचनापत्रकात तिच्या वाट्याला एक पुसट चित्र आले आहे. कडेखाली येणाऱ्या दाढीच्या खुंटांमुळेही गळती होते, याचा तर त्यात उल्लेखच नाही. (पाठीमागे उत्पादकाच्या पुरस्कारांसाठी मात्र जागा उरली आहे.)

रंगकामासाठी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कणांचा फिल्टर थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचे वेगळे काडतूस लागते, ज्यावर युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा असतो. हा कोळसा उघड्यावर ठेवला तरी वाफ शोषत राहतो, म्हणून काम संपल्यावर काडतूस हवाबंद पिशवीत ठेवावे. शिवाय हा मास्क प्राणवायू पुरवत नाही, त्यामुळे बंद टाकीत किंवा हवेतील प्राणवायू 19.5 टक्क्यांहून कमी असलेल्या जागी तो वापरायचाच नाही.

वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, म्हणून वेल्डरना हा मास्क आम्ही आधी दिला. धूर ओढून घेणारा पंखा त्यांच्या टेबलाशी पूर्वीपासून आहे आणि मास्क आला म्हणून तो बंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जाड काडतुसे वेल्डिंगच्या हेल्मेटला आतून अडतात, तेव्हा त्यांच्यासाठी चपटे, गोल फिल्टरच घ्यावेत. चष्म्यावर वाफ फारशी धरत नाही, कारण झडप खाली तोंड करून आहे. बोलणे मात्र घोगरे ऐकू येते.

धुण्यासाठी आधी फिल्टर काढून मास्क कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा आणि सावलीत वाळवावा. त्या वेळी उच्छ्वासाच्या झडपेतली पातळ चकती बोटाने उचलून पाहावी. तिच्याखाली घासकामाचा एखादा कण अडकला किंवा तिची कड मुडपली, तर झडप पूर्ण मिटत नाही आणि धूळ उलट आत येते. मास्कसोबत सुटी चकती मिळत नाही, ती वेगळी मागवावी लागते. पहिल्या मागणीतच दोन-चार नोंदवून ठेवाव्यात.